काचेखालचा गहू

माइनक्राफ्ट या ब्लॉकांच्या, म्हणजे ठोकळ्यांच्या, संगणकीय खेळात गव्हाला थंडी वाजत नाही. सगळीकडे बर्फच बर्फ असलेल्या मैदानात माती मोकळी करा, बी टाका, जवळ पाणी ठेवा, गहू उगवतो. खेळातल्या प्रत्येक प्रदेशाला स्वतःचं तापमान आहे. आभाळातून पाऊस पडणार की बर्फ, हे त्यावर ठरतं. पण पीक वाढण्याच्या हिशेबात ते तापमान कुठेच धरलेलं नाही. म्हणजे खऱ्या जगात माणसाने हरितगृह ज्या कारणासाठी बांधलं, ते मुख्य कारणच इथे नाही.

तरीही इथे हरितगृहं बांधणाऱ्यांची संख्या मोठी आहे. बहुतेकांचं हरितगृह म्हणजे घराच्या बाजूला काढलेली काचेची सुबक खोली: शेवाळाचा गालिचा, अझेलियाची झुडपं, छतातून लोंबणाऱ्या वेली, एखादा कंदील. दिसायला सुरेख. मात्र त्यातून जेवण निघत नाही. मला कामाचं हरितगृह हवं होतं, आणि तेही बर्फात, जिथे मी घर थाटलं आहे तिथेच. ते बांधताना कळत गेलं की या जगात काचेला करण्यासारखं पुष्कळ काम आहे. फक्त ते ऊब धरून ठेवण्याचं नाही.

पाण्यापासून सुरू करते, कारण तिढा तिथेच आहे. नांगरलेल्या मातीपासून आडव्या अंतरात चार ब्लॉकांच्या आत पाणी असलं की माती ओली राहते. ओल आली की मातीचा रंग गडद होतो, लांबूनही ओळखू येतो. पाण्याचा एकच ब्लॉक मध्ये ठेवला तर त्याच्या चारही बाजूंना चार-चार ब्लॉक, म्हणजे नऊ बाय नऊचा चौक भिजतो. ८१ पैकी एक पाण्याचा, उरलेले ८० पिकाचे. एका बादलीत एवढं शेत! गरम प्रदेशात एवढ्यावर काम भागतं. थंड प्रदेशात उघड्यावरचं पाणी गोठतं, आणि बर्फ झालेलं पाणी मातीला ओल देत नाही. वरून पडणारा बर्फही देत नाही. पावसाने माती भिजते, बर्फवृष्टीने नाही. हळूहळू वाफे फिकट पडतात, आणि ज्यात पीक नाही ते परत साधी माती होऊन बसतात.

पाणी गोठतं ते उघड्या आभाळाखाली. डोक्यावर काहीही छत असलं की ते गोठत नाही. मग दगडाचं छत का नको? कारण दगड उजेड अडवतो. पिकाला वाढायला किमान ९ इतका प्रकाश लागतो, आणि उघड्या आभाळाचा प्रकाश असतो १५. काच तो पंधराच्या पंधरा आत सोडते. पानांमधून किंवा पाण्यातून खाली येताना प्रकाश प्रत्येक ब्लॉकामागे एकेकाने उतरतो, काचेतून येताना अजिबात उतरत नाही. आभाळ आत घ्यायचं आणि हवामान बाहेर ठेवायचं, ही दोन्ही कामं एकाच वेळी करणारी दुसरी सोपी वस्तू या जगात नाही.

पिकांचा प्रकाश मोजताना खेळ रात्रीचा अंधार वजा करत नाही, हे मला फार आवडतं. (हे सगळं खेळाच्या संगणकावरच्या जावा आवृत्तीबद्दल सांगते आहे, दुसऱ्या आवृत्तीत तपशील वेगळे आहेत.) वर आभाळ मोकळं असेल किंवा काच असेल, तर गव्हाच्या लेखी मध्यरात्रीही १५च. आपल्याला काळोख दिसतो, पीक मात्र वाढत असतं. त्यामुळे कामाच्या हरितगृहात पिकांसाठी दिवे लावायची गरज नाही. दिवे लागतात ते माणसाच्या वाटेसाठी. २०२१च्या अखेरीस आलेल्या १.१८ आवृत्तीपासून झोंबी, सांगाडे वगैरे शत्रू मंडळी जन्माला येतात ती दिव्याचा उजेड शून्य असेल तिथेच. काचेवर ती जन्मत नाहीत, पण आतल्या दगडी वाटेवर रात्री जन्मू शकतात. छताच्या आडव्या तुळयांना साखळीने कंदील टांगले की तो प्रश्न मिटतो.

काच मिळवणं हे वेगळंच काम आहे. वाळू भट्टीत घालायची. एका ब्लॉकाला दहा सेकंद लागतात, आणि कोळशाच्या एका तुकड्यात आठ ब्लॉक भाजून निघतात. नऊ बाय नऊचं नुसतं सपाट छत घ्यायचं म्हटलं तरी ८१ काचा. म्हणजे एका भट्टीत साडेतेरा मिनिटं आणि अकरा कोळसे, आणि अजून भिंतींना हातही लागलेला नाही. शिवाय बर्फाच्या प्रदेशात वाळू सहज हाताशी येत नाही. नदीकाठ किंवा समुद्रकिनारा गाठावा लागतो. लावलेली काच फोडली की हातात काही येत नाही. लाकूड, दगड, वीट चुकीच्या जागी लागली तर काढून पुन्हा लावता येते. काच मात्र गेली की गेली, सिल्क टच ही जादू असलेलं अवजार जवळ नसेल तर. या एका नियमामुळे काचेचं काम सुरू करण्याआधी मी जमिनीवर आराखडा आखते, खांब उभे करते, तुळया टाकते, आणि सांगाडा पूर्ण झाल्यावरच काच भरायला घेते. भिंतींना पूर्ण ब्लॉकाऐवजी काचेच्या पट्ट्या वापरते. सहा काचांतून सोळा पट्ट्या होतात, आणि पातळ असल्यामुळे त्या खिडकीसारख्या दिसतातही.

काचेची महागाई खऱ्या हरितगृहांनीही सोसली आहे. ब्रिटनमध्ये काचेवर कर होता, तो १८४५ साली उठला. त्याच सुमारास लंडनमधल्या क्यू इथल्या वनस्पती उद्यानात ताडवृक्षांचं प्रचंड काचघर उभं राहत होतं, ते १८४८मध्ये पुरं झालं. मग १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कात जोसेफ पॅक्स्टनचा क्रिस्टल पॅलेस आला. पॅक्स्टन मुळात माळी. काचघरं बांधता बांधता तो या कामापर्यंत पोहोचला होता. त्या इमारतीचं मला सगळ्यात जवळचं वाटतं ते हे, की ती एका मापाच्या पुनरावृत्तीतून उभी राहिली. खांब २४ फुटांच्या अंतराने, काचेचे तुकडे ठरलेल्या एकाच मापाचे, कारखान्यात घडवून जागेवर नुसते जोडलेले. म्हणून तर एवढा पसारा काही महिन्यांत उभा राहू शकला. त्या जागेवर मोठाली एल्म झाडं होती. ती तोडायला लोकांचा विरोध होता, तेव्हा मधला भाग उंच कमानीचा करून झाडं तशीच आत घेतली. एकाच मापाचा ठोकळा हजारो वेळा लावून झाडालाही घरात घेणं, हे माइनक्राफ्ट खेळणाऱ्या कुणालाही लगेच समजेल.

क्यूच्या काचघराची आणखी एक गोष्ट. तिथे सुरुवातीला हिरवट छटेची काच बसवली होती, कडक उन्हाने पानं करपू नयेत म्हणून. खेळात रंगीत काच कोणत्याही रंगाची घ्या, प्रकाश पूर्ण १५च येतो, त्यामुळे रंग निव्वळ डोळ्यांसाठी. मी छताच्या कडेच्या ओळीत फिकट हिरवी काच घातली आहे, क्यूची आठवण म्हणून. फक्त अमेथिस्टचे तुकडे घालून बनवलेली गडद काच घेऊ नये. आरपार दिसतं तिच्यातून, पण उजेड ती पूर्ण अडवते, आणि तिच्याखाली गहू येणार नाही.

आता वाढीकडे येते. हा भाग मला सगळ्यात सुंदर वाटतो, आणि हरितगृह कुठे बांधायचं याचं उत्तरही यातच आहे.

खेळात गव्हाला घड्याळ लावलेलं नाही. पेरलं, ठरलेला वेळ गेला आणि पिकलं, असं होत नाही. जग सोळा बाय सोळा बाय सोळाच्या खणांत विभागलेलं आहे, म्हणजे एका खणात ४०९६ जागा. सेकंदाला वीस ठोके पडतात, आणि प्रत्येक ठोक्याला त्या खणातल्या तीन जागांच्या नावाची चिठ्ठी निघते. जागा कुठलीही असू शकते: हवा, दगड, काच, वाटेवरची फरशी. बहुतेक चिठ्ठ्या वाया जातात. एखाद्या रोपाची चिठ्ठी सरासरी अडुसष्ट सेकंदांनी एकदा निघते. निघाली तरी रोप लगेच वाढेलच असं नाही. तेव्हा खेळ मातीकडे आणि शेजाऱ्यांकडे बघतो.

रोपाखालची माती ओली असेल तर गुण जास्त, कोरडी असेल तर निम्मे. आजूबाजूच्या आठ वाफ्यांचेही गुण, तिथेही ओल्याला जास्त, कोरड्याला कमी. भोवताली तेच पीक दाटीने असेल, म्हणजे तिरक्या कोपऱ्यात असेल किंवा आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही बाजूंना असेल, तर गुण निम्म्यावर येतात. मात्र एका ओळीत गहू, शेजारच्या ओळीत गाजर, मग पुन्हा गहू, असं लावलं तर कपात होत नाही. हिशेब असा निघतो: ओल्या मातीत, आलटून पालटून ओळी लावल्या तर चिठ्ठी निघाल्यावर तिनातून एकदा रोप पुढच्या टप्प्यात जातं. सगळीकडे गहूच गहू पेरला तर सहातून एकदा. माती कोरडी असेल तर आलटून पालटून लावूनही सातातून एकदाच. आंतरपिकाचा फायदा इतका उघडपणे कोडमध्ये लिहून ठेवणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो.

गव्हाला पेरणीपासून कापणीपर्यंत असे सात टप्पे चढायचे असतात. उत्तम व्यवस्था असेल तर सरासरी चोवीस मिनिटं, म्हणजे खेळातल्या वीस मिनिटांच्या दिवसापेक्षा थोडं जास्त. पण ही सरासरी झाली. प्रत्यक्षात शेजारी शेजारी, एकाच वेळी पेरलेल्या दोन रोपांत एक सोनेरी होऊन बसलेलं असतं आणि दुसरं अजून बोटभर हिरवं असतं. वाफ्यांच्या कडेला उभं राहून बघितलं की सगळ्या उंचीचा गहू एकत्र दिसतो: नुकता फुटलेला कोंब, गुडघ्याएवढा हिरवा, पिवळट व्हायला लागलेला, आणि मधूनच तपकिरी टोकांचा तयार. कापणी करताना नुसतं अवजार फिरवत जाता येत नाही, रोप बघून हात घालावा लागतो. तयार नसलेलं कापलं तर फक्त बी हातात येतं. गाजराचं तर आणखी कठीण. त्यालाही सातच टप्पे चढायचे असतात, पण डोळ्यांना वेगळी अशी चारच रूपं दिसतात. पूर्ण पिकलं की मातीतून केशरी टोक वर येतं, त्यावर नजर ठेवायची.

या चिठ्ठ्या निघतात त्या खेळाडूच्या आसपासच्या भागातच. तुम्ही लांब निघून गेलात, खाणीच्या शोधात दूरच्या डोंगरात गेलात, की मागे राहिलेलं शेत जसंच्या तसं थांबतं. आठवडाभर फिरून आलात तरी गहू निघताना होता तेवढाच. झोपलात तरी तेच. बिछान्यावर पडलं की रात्र एका क्षणात सरते, सूर्य वर येतो, पण पिकासाठी ती रात्र झालेलीच नसते, कारण तेवढे ठोके पडलेलेच नसतात. खेळातली रात्र झोपून टाळणारा माणूस गव्हाचा जवळपास निम्मा दिवस टाळत असतो.

म्हणून हरितगृह घरापासून लांब, एखाद्या देखण्या कड्यावर बांधू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ते तुम्ही जिथे राबता तिथे हवं. मी भट्ट्यांची रांग, क्राफ्टिंग टेबल आणि पेट्या हरितगृहाच्या उत्तरेच्या भिंतीलाच लावल्या आहेत. खाणीत उतरायचा जिनाही तिथूनच आहे. लोखंड वितळवणं, दगड भाजणं, पेट्या लावणं, ही न संपणारी किरकोळ कामं करत मी तिथेच असते, आणि माझ्या असण्यानेच पीक पुढे सरकतं. रात्री झोपण्याऐवजी कंदिलाखाली पेट्या लावत बसले तर सकाळी एक ओळ तयार असते. न झोपता सलग तीन दिवस काढले की आकाशातून फँटम नावाचे उडते शत्रू यायला लागतात. म्हणून मधूनमधून झोपते, तेवढ्यापुरतं गव्हाला थांबावं लागतं.

बोनमील, म्हणजे हाडांच्या भुकटीचं खत, घालून पीक झटक्यात वाढवता येतं. उरलेलं बी आणि पालापाचोळा खतपेटीत टाकला, पेटी सात थरांनी भरली की एक बोनमील मिळतं. मी ते पहिल्या पेरणीला वापरते, घरात खायला काही नसतं तेव्हा. नंतर नाही. चिठ्ठ्यांवर वाढणारं शेत बघण्यात जे आहे ते बोनमीलने हरवतं.

मधमाश्यांची गोष्ट मात्र वेगळी. २०१९च्या डिसेंबरात १.१५ आवृत्तीत त्या आल्या आणि हरितगृहाला खरा अर्थ आला, असं मी म्हणेन. पोळ्यातून निघालेली माशी फुलावर घिरट्या घालते, अंगाला पराग लागतात, आणि परतीच्या वाटेवर ती पिकावरून उडताना पराग खाली झडतात. ज्या रोपावर झडतात ते एक टप्पा वर चढतं; एका फेरीत जास्तीत जास्त दहा वेळा. इथे रोपाच्या चिठ्ठीची वाट बघायची नाही, पराग ज्यावर झडले ते रोप वाढलं. म्हणजे पोळं एका टोकाला आणि फुलं दुसऱ्या टोकाला ठेवावीत, मध्ये वाफे, म्हणजे प्रत्येक परतीच्या वाटेत शेत येतं. एका पोळ्यात तीन माश्या राहतात. उघड्या शेतात त्या लांबच्या फुलांकडे निघून जातात. काचेच्या आत त्यांना बांधाच्या कडेला लावलेलीच फुलं सापडतात आणि त्यांचं येणं-जाणं पिकावरूनच होतं. पाणी त्यांना बाधतं, म्हणून मधल्या पाण्यावर मी कमळाचं पान ठेवलं आहे. चालताना आपलाही पाय त्यात जात नाही. खऱ्या हरितगृहांतही बंद काचेत टोमॅटोचं परागीभवन व्हावं म्हणून १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून भुंग्यांची पोळी आणून ठेवतात. काच वारा अडवते, बाहेरच्या माश्याही अडवते, मग ते काम करायला कुणीतरी आत लागतंच.

ऊब नाही म्हटलं तरी, खऱ्या काचघरातही ऊब येते ती मुख्यतः तापलेली हवा वर निघून जाऊ न दिल्याने. आर. डब्ल्यू. वुड या भौतिकशास्त्रज्ञाने १९०९मध्ये प्रयोग करून ते दाखवलं होतं. म्हणजे तिथेही काचेचं काम अडवण्याचंच: ऊन येऊ द्यायचं, हवा जाऊ द्यायची नाही. खेळात ऋतू आणणारे मॉड, म्हणजे इतरांनी बनवलेले जोडभाग, आहेत. ते घातले की हिवाळ्यात उघड्यावरचं पीक अडतं. त्यात एकदा खेळून बघायचं आहे.

बांधणीतल्या दोन-तीन गोष्टी सांगायच्या राहिल्या. भिंतीचे खालचे दोन थर दगडाचे ठेवावेत. काच फार नाजूक असते, बाहेर क्रीपर, म्हणजे जवळ येऊन स्फोट होणारा शत्रू, फुटला तर पहिली तीच जाते. दार लाकडी आणि बंद; ससे आत शिरले तर गाजरं खातात. वाफ्यावर चालायला हरकत नाही, उडी मात्र मारू नये, त्याने माती दबून पुन्हा साधी होते, पीक उखडतं. म्हणून वाफे आणि वाट एकाच पातळीत घ्यावेत, पायरी नको, म्हणजे उडी मारायची वेळच येत नाही. छत निदान पाच ब्लॉक उंच असावं. माश्यांना मोकळं उडता येतं, आणि आपल्यालाही डोक्यावर आभाळ आहे असं वाटतं.

गावातला शेतकरी आणून कापणी त्याच्यावर सोपवता येते. तो पिकलेलं कापतो, पुन्हा पेरतो, खाली हॉपर, म्हणजे वस्तू गोळा करणारं नरसाळं, लावून धान्य थेट पेटीत पाडणारी यंत्रणाही लोक बांधतात. त्यातली हुशारी मला मनापासून आवडते, आणि जिथे शेकडो भाकऱ्या लागतात तिथे ती हवीच. पण माझ्या या काचेखाली ती नको. ओळीत वाकून कुठलं रोप तयार आहे ते बघणं हेच मला तिथे करायचं असतं.

हरितगृहाचा पुढचा भाग पूर्वेला काढणार आहे. तिथे एक जुनं ओकचं झाड आहे, ते तोडायचं नाही. छत त्याच्या शेंड्यावरून न्यायचं, बाकी माप तेच नऊ बाय नऊ. पानांचे तीन-चार थर धरले तरी खाली अकरा-बारा प्रकाश उरतो, म्हणजे झाडाच्या सावलीतही बटाटे येतील. आराखडा आखून झाला आहे, खांबही उभे आहेत. काच भरपूर लागणार, त्यामुळे आधी नदीवर जाऊन वाळू आणायची आहे.